चांदी भरलेल्या दोन दाढा

प्रथम वाचकांची क्षमा मागतो. ज्याने आयुष्यभर फळ्यावर खडूने आकृत्या काढून त्यांना नावे दिली, त्याने निवृत्तीनंतर लेखणी हाती घ्यावी, आणि तीही स्वतःच्या दाढेविषयी लिहिण्यासाठी, हा आगाऊपणा आहे याची मला जाणीव आहे. मी अंबरनाथच्या एका शाळेत विज्ञान शिकवीत होतो. लिहिले ते पाठांचे टाचण आणि लग्नपत्रिकांचा मजकूर. त्यापलीकडे काही नाही. ज्यांना हा विषय क्षुल्लक वाटेल त्यांनी पान उलटावे, मला मुळीच वाईट वाटणार नाही. मात्र ज्यांच्या तोंडात कुठेतरी काळपट पडलेली चांदी अजून शिल्लक आहे, त्यांनी क्षणभर थांबावे, एवढी विनंती.

माझ्या तोंडात अशा दोन दाढा होत्या. एक उजवीकडे खाली, दुसरी डावीकडे वर. दोन्ही उल्हासनगरच्या एका वृद्ध सिंधी दंतवैद्यांनी भरलेल्या. वृद्ध ते आज आहेत. तेव्हा त्यांचे केस काळे होते आणि माझेही. कापडबाजारातल्या एका गल्लीत, दुकानाच्या वर, अरुंद जिन्याने त्यांच्या दवाखान्यात जावे लागे. कीड कोरून झाली की ते माझ्याकडे पाठ करून उभे राहत आणि काचेच्या लहानशा खलात चांदीची भुकटी व पारा घोटू लागत. खलाचा तो बारीक, एकसुरी आवाज मला फार आवडे. मग तो लगदा कापडाच्या तुकड्यात धरून ते पिळत. जादा पारा थेंबाथेंबाने वाटीत उतरे, आणि उरलेली मऊ चांदी ते दाढेत दाबून दाबून बसवीत. दाबताना ती कुरकुरत असे. शेवटी म्हणत, "बस, मास्टर साहब. आज इस तरफ से रोटी नहीं. कल से पत्थर भी चबाओ, साईं."

पत्थर मी कधी चावला नाही. पण त्या दाढांनी मला पुष्कळ वर्षे निमूटपणे जेवू घातले. त्यांचा एकच खोडसाळपणा होता. मिठाईवर चांदीऐवजी ॲल्युमिनियमचा वर्ख असला, तर तो भरलेल्या दाढेला लागताक्षणी तोंडात विजेची बारीक चुणूक उठे. दोन वेगळे धातू आणि त्यांच्यामध्ये लाळ; झाला विद्युतघट. दरवर्षी आठवीच्या वर्गात मी लिंबात दोन पट्ट्या खोचून हाच घट मुलांना दाखवीत असे. माझ्या स्वतःच्या तोंडातला घट मात्र मी कोणालाही कधी दाखवला नाही. मुलांसमोर आ करून उभे राहायचे, ही कल्पनाच मला सहन होण्यासारखी नव्हती.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमच्या मुलाचे लग्न झाले आणि घरात सून आली ती दातांची डॉक्टर. बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत, आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर आमचाच एक गाळा रिकामा होता, तिथे तिने दवाखाना थाटला. नवी खुर्ची आली, दिवा आला, काचेचा दरवाजा बसला. हवेचा कॉम्प्रेसर तिने कमरेएवढ्या उंच कट्ट्यावर बसवून घेतला. पावसाळ्यात नदीचे पाणी इथे घरात शिरते; मांजर्लीत राहणारा कोणीही तो तसाच बसवील. दुपारी माझी पत्नी तिथे पुढच्या टेबलाशी बसू लागली. फोन घ्यायचा, आलेल्याला बसवायचे, एवढेच काम. पण आलेले बसवायला फारसे कोणी नसे, म्हणून ती मोड आलेले वाल घेऊन सोलत बसे.

"आई, पेशंट आला तर काय म्हणेल?" सून हसून विचारी.

"म्हणेल, डॉक्टरीणबाईंकडे उद्या डाळिंब्या आहेत."

पेशंट का येत नव्हते, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होते. इमारतीतली बिऱ्हाडे बहुतेक नवीन, त्यांचे डॉक्टर त्यांच्या आधीच्या गावी. खरा आधार भावकीचा असायला हवा होता. बदलापूरपासून वांगणीपर्यंत आमचे आप्त पसरलेले आहेत, आणि दात किडायचे कोणाचे राहिलेले नाहीत. पण आमच्याकडे थोरल्या माणसांनी सुनेसमोर वावरण्याची एक रीत आहे. पुरुष माणूस ओटीवर पाय ठेवण्याआधी खाकरतो. सून असेल तर ती उठते, पदर सावरते, आत जाते. मी शिकलो, शहरात राहिलो, आमच्या सुनेने पदर घ्यावा असे मला कधी वाटले नाही. पण माझे खाकरणे सुटले नाही आणि तिच्याशी थेट बोलणेही मला कधी जमले नाही. चहा हवा असला तरी मी पत्नीला म्हणे, "तिला सांग, अर्धाच कप." सून तिथेच उभी असे. अशा घरातल्या सुनेपुढे चुलतसासऱ्यांनी, मामेसासऱ्यांनी उताणे पडून तोंड उघडावे कसे?

दवाखान्याच्या पूजेच्या दिवशी हे अगदी उघड झाले. भावकी भरपूर आली, जेवली, नव्या खुर्चीभोवती फिरली. माझे थोरले भाऊ गावाकडे शेती पाहतात; त्यांचा एक दात तेव्हाच दुखत होता, हे सगळ्यांना माहीत होते. कोणीतरी म्हणाले, "बसा की, पहिला मान तुमचा."

"आपले सुनेसमोर तोंड उघडायचा?" भाऊ म्हणाले. "दारान आपुन खाकरून येतो, न् इथं आ करून झोपायचा? गालान लवंग बरी."

सगळे हसले. सूनही हसली. तेवढ्यात मी काजूकतली तोंडात टाकली, वर्ख उजव्या दाढेला लागला आणि चुणूक अशी उठली की माझा डोळा मिटला. समोरून सून म्हणाली, "बाबा, उजवीकडची खालची दाढ ना? चांदी भरलेली आहे का?"

"तिला सांग, काही नाही," मी पत्नीला म्हटले, आणि उरलेली काजूकतली ताटलीखाली सरकवली.

पुढे काही महिने गेले. एके दिवशी पत्नी स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाली, "तिला ठाण्याच्या मोठ्या इस्पितळातून बोलावणं आलंय. या महिन्याच्या शेवटी कळवायचंय. गेली तर गाळ्याला कुलूप."

"तिला जायचंय का?"

"तिला इथं बसायचंय. पण रिकाम्या खुर्चीकडे बघत कोण किती दिवस बसणार? परवा खुर्ची पुसत होती. कोणी बसलं नव्हतं, तरी पुसत होती."

 पुढे कित्येक दिवस जेवताना ती पुसली जाणारी खुर्ची मला दिसत असे.

थंडीचे दिवस होते. भावाच्या मळ्यात पोपटी लावली होती. मडक्यात भामरुडाच्या पाल्यावर वालाच्या शेंगा रचून, मडके उपडे घालून, भोवती जाळ केलेला. शेंगा उतरल्या, सगळे भोवती बसले. मी एक शेंग सोलून तोंडात टाकली आणि तिच्याबरोबर आलेला जाड मिठाचा खडा उजव्या दाढेखाली सापडला. कट्ट असा आवाज माझा मलाच ऐकू आला. तोंडात शेंगेचा नव्हे, असा एक जड तुकडा फिरू लागला. मी तो हळूच तळहातावर घेतला: करडी चांदी, आणि तिला चिकटलेला दाढेचा पांढरा कंगोरा.

"काय रं, काय लागला?" थोरल्या भावांनी विचारले.

"खडा."

"टाक मग. खिशान काय ठेवतंस?"

मी तो चष्म्याच्या घरात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी, घरी काही न सांगता, उल्हासनगरला गेलो.

कापडबाजार पुष्कळ बदलला आहे. जिथे सुती ताग्यांचे ढीग असत तिथे आता जीन्सच्या पँटी टांगलेल्या. जिना मात्र तोच. माझे वृद्ध डॉक्टर आता फक्त सकाळी बसतात. त्यांनी मला ओळखले, आरशाने दाढ पाहिली, चष्म्याच्या घरातला तुकडा हातात घेऊन आपुलकीने न्याहाळला.

"मेरी चांदी तो ठीक है, मास्टर साहब. दीवार गिर गई आपकी."

"पुन्हा भरता येईल ना? चांदीच?"

"नहीं साईं. चांदी को चार दीवार चाहिए, तो वो बैठती है. अब आपको वो सफ़ेद वाला चाहिए, जो चिपकता है. वो मैं करता नहीं." खलाकडे त्यांनी बोट दाखवले. तो शोकेसमध्ये, देवाच्या तसबिरीशेजारी ठेवलेला होता. "ये भी अब आराम करता है. बदलापुर में बहुत नए डॉक्टर हैं. किसी को दिखाओ."

काय झाले कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेले, "माझी सूनच डॉक्टर आहे. दातांचीच."

त्यांनी आरसा खाली ठेवला.  मग अगदी सहज, काळजीनेच, त्यांनी विचारले, "क्यों? बहू का हाथ अच्छा नहीं है क्या?"

"तसं नाही हो. हात चांगला आहे." मी ऐकलेले होते, तिच्या शिक्षकांनी तिची वाखाणणी केली होती.

"तो फिर?"

मी तुकडा पुन्हा चष्म्याच्या घरात ठेवला आणि उठलो. जिना उतरताना मला पहिल्यांदाच नीट उमगले की माझा संकोच बाहेरून संकोचासारखा दिसत नाही. ज्या घरातला सासरा दाढ धरून दुसऱ्या गावी जातो, त्या घरातल्या डॉक्टरणीकडे परक्याने का जावे? भावकी खाकरण्याच्या रीतीमुळे येत नव्हती हे खरे. पण उरलेल्या जगासाठी ती रीत म्हणजे माझ्या सुनेच्या हाताला मी दिलेला शेरा होता. ज्याने आयुष्यभर मुलांच्या प्रगतिपुस्तकांत फार विचार करून शेरे लिहिले, त्याला हे जड वाटले.

घरी परतलो ते थेट गाळ्याशी. काचेच्या दरवाजातून पत्नी दिसली, पुढ्यात वाल. मी सवयीप्रमाणे खाकरलो. आतल्या खोलीत सून उठून उभी राहिली.

"तिला विचार," मी पत्नीला म्हटले, "आत्ता वेळ आहे का."

पत्नीने एकदा रिकाम्या बाकाकडे पाहिले. "बघते हं. फार गर्दी आहे." मग आत मान वळवून म्हणाली, "अगं, एक म्हातारे पेशंट आलेत. जरा लाजरे आहेत. घेतेस का?"

त्या खुर्चीत बसताना माझे पाय जमिनीवरून उचलले गेले आणि पाठ मागे कलू लागली तेव्हा मी हातांनी कडा घट्ट धरल्या. सुनेने टोपी घातली, मास्क चढवला, त्यावर पारदर्शक पडदा ओढला. तिचे फक्त डोळे उरले. आमच्या आईचा पदर जितका पुढे येत असे त्याहून हे कितीतरी अधिक होते, आणि त्या झाकलेपणामुळे मला एकदम धीर आला. तिने दिवा वळवला. आता तिचे डोळेही मला दिसेनात. मी तोंड उघडले.

"दुखलं तर डावा हात वर करा, बाबा. बोलायचं नाही."

बोलायचे नाही! इतकी सोयीची आज्ञा सासऱ्याला सुनेकडून क्वचितच मिळत असेल.

ती बोलत राहिली. प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगत होती: आता सुई टोचणार, आता जीभ जड होईल, आता उरलेली जुनी चांदी काढणार, पाण्याच्या फवाऱ्याखाली आणि लगेच नळीने ओढून, म्हणजे पाऱ्याचा अंश घशात जाणार नाही. "किती सुंदर बसवली होती हो कोणी," ती मध्येच म्हणाली. "कडा बघा, इतक्या वर्षांनी सुद्धा." मला उत्तर देता येत नव्हते, पण त्या क्षणी उल्हासनगरचा तो खल मला आठवला आणि दोन डॉक्टरांची माझ्या तोंडात ओळख होत आहे असे वाटले. पांढरे द्रव्य तिने थराथराने भरले. प्रत्येक थरावर निळा प्रकाश धरला. कुरकुर नाही, घोटणे नाही. फक्त त्या दिव्याची बारीक शीळ. दारातून पत्नी म्हणाली, "दुखतंय का विचार त्यांना." सून म्हणाली, "आई, ते समोरच आहेत. तुम्हीच विचारा." पत्नीला हसू आवरेना; मलाही हसू आले आणि दुखत नसताना माझा डावा हात वर गेला.

शेवटी निळसर कागद दातांखाली धरून तिने चावायला सांगितले, दोन ठिकाणी घासून उंची जुळवली आणि खुर्ची सरळ केली. हातात आरसा दिला. उजवीकडे खाली, जिथे इतकी वर्षे करडा डाग होता, तिथे दाढ होती. नुसती दाढ.

"पुढे कधीतरी दाढेवर टोपी बसवावी लागेल," ती मास्क खाली करत म्हणाली. "पण आत्ता मजबूत आहे. वरची डावी चांदी अगदी चांगली आहे, तिला हात लावायचा नाही." मग थोडी घुटमळली. "बाबा, एक विचारू? तुमची दाढ मी भरली, हे कोणाला सांगितलं तर चालेल?"

मी पत्नीकडे वळलो. ती मुद्दाम खाली वाकून वाल सोलत होती. तेव्हा अर्धवट बधिर जिभेने, आमच्या घरातल्या त्या मुलीशी, मी पहिले थेट वाक्य बोललो.

"मीच सांगतो."

हे बोलणे सोपे होते. सांगणे कठीण. पुढच्याच आठवड्यात पुतण्याची हळद होती. मांडवात भावकी जमली होती, स्पीकर जरा थांबला होता, जेवणाची पंगत अजून मांडायची होती. भाऊ गालाला रुमाल बांधून खुर्चीत बसले होते. लवंगेचा वास दोन हातांवर येत होता. मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "दादा, माझी दाढ सुनेने भरली."

"खोटा बोलतंस."

"बघ."

आणि मी तोंड उघडले. आठवीच्या वर्गाला जे कधी दाखवले नाही, ते सबंध भावकीला दाखवले. दादांनी मान पुढे केली. "काय दिसत नाय. कोणीतरी टॉर्च लावा रं." तीन मोबाईल पुढे झाले. मामेभाऊ म्हणाले, "कुठली भरली? सगल्या सारख्याच दिसतान." वहिनी मागून म्हणाल्या, "तेच तं काम, भावजी. कललाच नाय पाहिजे." कोणीतरी दुसऱ्या बाजूची चांदी पाहून "ही भरली, ही भरली" असे ओरडले, तेव्हा मला तोंड मिटून समजावून सांगावे लागले की ती उल्हासनगरची आहे, आणि पुन्हा उघडावे लागले. माझे कान तापले होते. पण आश्चर्य असे की तोंड उघडे असताना माणसाला लाजायला फारसे सुचत नाही.

"दुखला क?" दादांनी हळूच विचारले.

"नाही."

"न् ती काय बोलली? तू काय बोललास?"

"बोलायचंच नसतं. तोंड उघडं ठेवायचं. आणि तिचा चेहरा झाकलेला असतो, दादा. पदर काय झाकील इतका."

यावर त्यांनी गालावरचा रुमाल सोडला आणि पुन्हा बांधला.

त्या हळदीनंतर पहिल्या आल्या त्या वहिनी. मग मामेभाऊ, त्यांनी काचेच्या दारातून आत येण्याआधी असे खाकरले की रस्त्यावरच्या रिक्षावाल्याने वळून पाहिले. आता दवाखान्याबाहेर दिवसातून अनेकदा खाकरल्याचा आवाज येतो, आणि तो ऐकला की पत्नी वाल बाजूला ठेवून म्हणते, "आला. आपल्यातलाच आहे." महिना संपण्यापूर्वी सुनेने ठाण्याला नकार कळवला. मला तिने ते स्वतः येऊन सांगितले. मी म्हटले, "बरे झाले." पत्नीमार्फत नव्हे.

चष्म्याच्या घरातला चांदीचा तुकडा मी तिला दिला होता. वापरलेली चांदी ती वेगळ्या घट्ट डब्यात, पाण्याखाली ठेवते आणि रीतसर विल्हेवाटीला पाठवते. घरात ठेवायची नाही, असे तिने मला बजावले. मी ऐकले. डावीकडची मात्र आहे. गेल्या आठवड्यात एका लग्नात काजूकतली आली तेव्हा मी ती मुद्दाम डावीकडे घेतली. चुणूक आली. शेजारी बसलेल्या सुनेकडे पाहून मी म्हणालो, "ॲल्युमिनियम." तिने मान डोलावली आणि आपल्या ताटातला वर्ख काढून टाकला.

आता फक्त थोरले भाऊ उरले आहेत. काल त्यांचा फोन आला. रविवारी येतो म्हणाले, दाढ दाखवायला. मला इतका आनंद झाला की मी म्हणालो, "ये, मी आत तुझ्याजवळ बसतो." पलीकडून आधी नुसते खाकरणे ऐकू आले. मग ते म्हणाले, "सुनेसमोर उघडीन. ती डॉक्टर हाय. पण तुझ्यासमोर नाय. तू धाकटा भाव हायेस."

लहानपणापासून मी त्यांना वेदनेने कधी कळवळताना पाहिलेले नाही. ते दिसू देत नाहीत. म्हणून बाहेर थांबावे, असे वाटते. परंतु ते सुईला घाबरतात, हे घरात फक्त मला ठाऊक आहे, आणि सुनेला ते सांगण्याची त्यांनी मला मनाई केली आहे. मी अजून काही ठरवलेले नाही. तुम्ही माझ्या जागी असतात, तर रविवारी दाराच्या आत बसला असतात की बाहेर?